लाजेची भवानी

दांडीहून बोईसरला जाणाऱ्या सकाळच्या एस्टीत चढताना मावशी कंडक्टरला रोज एक प्रश्न विचारायची. तोही अशा आवाजात की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावा.

"दादा, ही गाडी दिल्लीला जाते काय?"

गाडी बोईसरपलीकडे जात नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. मासळीची पाटी घेऊन वर्षानुवर्षं ती त्याच गाडीने जात होती. पण प्रश्न चुकला नाही. कधी दिल्ली, कधी काशी. एकदा तर तिने "माझ्या पाटीला खिडकीची जागा मिळेल काय?" असंही विचारलं होतं. गाडीतले लोक हसायचे. नवा कंडक्टर असला तर चिडायचा, "म्हातारे, डोकं फिरलंय काय तुझं?" मावशी समाधानाने मान हलवायची, पाटी मागे सरकवायची आणि गप्प बसायची. त्यानंतर बोईसर येईपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

तिच्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी हे पाहिलं. मी तिच्याबरोबरच गाडीत चढले होते. लोक हसले तशी मी पुढच्या दांड्याला धरून, ही बाई आपल्या ओळखीचीच नाही असं तोंड करून उभी राहिले. प्रश्न तिने विचारला होता आणि लाल मी झाले होते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दांडीपासून चालत वीस मिनिटांवरच्या एका माध्यमिक शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला कारखाने भराभर उभे राहत होते. बाहेरगावच्या माणसांनी खोल्या भरून गेल्या होत्या, एकट्या मुलीला जागा मिळणं कठीण होतं. मावशीचं माहेर दातिवऱ्याचं. तिची बहीण पालघरजवळच्या आमच्या माहीमला दारोदार मासळी घेऊन यायची, माझ्या आईची तिच्याशी जुनी ओळख. "माझी बहीण दांडीला एकटीच ऱ्हाते. नवरा समुद्रात गेला तो गेलाच. पोरगीला तिच्याकडं ठेवा," असं ती म्हणाली आणि माझी ट्रंक मावशीच्या पडवीत येऊन पडली.

लाल होणं ही माझी लहानपणापासूनची पीडा. आधी मान गरम व्हायची, मग कान, मग गाल, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. कोणी नाव विचारलं तरी होई, कोणी नाव विचारायचं विसरलं तरी होई. आमच्या केळीच्या वाडीत मी दिवसभर एकटी फिरे आणि पाहुणे आले की विहिरीमागे जाऊन बसे. शिक्षिकेची नोकरी मी का घेतली, असं लोक विचारतात. वडिलांनी अर्ज भरला होता आणि नाही म्हणायला मला तोंड उघडावं लागलं असतं, हे खरं कारण.

मावशी पन्नाशीची असेल. काळी, उंच, हाडापेराने मजबूत. घरातून निघताना ती बंद दाराशी बोलायची. "आज देत नाय. सांगितलं ना, नाय म्हंजे नाय." कधी आवाज चढवून, कधी हळू. मला आधी वाटलं, नवऱ्याची आठवण काढत असेल. मग कळलं, बाजारात कोणाला काय सांगायचं त्याची ती दारापुढे तालीम करते. घरातल्या मांजराला ती "अहो" म्हणायची. "अहो, उठा. अहो, जेवून घ्या." मी हसले तर म्हणाली, "ह्या घरात ते एकटंच हाय जे कोनाला लाजत नाय. मान द्यायला नको?"

आणि माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाकडे बघायची. समोरच्याला वाटे, आपल्या कानाला काही लागलंय. शाळेचे मुख्याध्यापक एकदा तिच्या ओट्यावर आले होते, तर बोलता बोलता दोनदा कान पुसून गेले.

मी विचारलं, "मावशी, कानाकडे का बघतेस?"

"डोल्यात बघितलं तर आपून बुडतो. खाली बघितलं तर माणूस डोक्यावर बसतो. कान बरा. तो काय बोलत नाय."

बोईसरच्या बाजारात इतर बायका गिऱ्हाईक बोलवायला ओरडायच्या. मावशी ओरडायची नाही. पापलेटं एका रांगेत, बोंबील दुसऱ्या रांगेत, असं मांडून बसायची. कारखान्यातले परप्रांतीय कामगार यायचे. "मौसी, थोडा कम करो ना," म्हणत लांबलचक घासाघीस करायचे. ती सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "हो गया?" आणि पहिला भाव पुन्हा सांगायची. मला वाटे, देवाने हिला भीती नावाची गोष्ट घातलीच नाही. आमच्यासारख्यांना तिचं काय कळणार, आणि तिला आमचं.

शाळेत माझं तीन आठवडे बरं गेलं. चौथ्या आठवड्यात नववीच्या एका मुलाने सहज विचारलं, "बाई, तुम्हाला गरम होतंय का?" वर्ग माझ्याकडे बघू लागला आणि मी पेटले. मुलांना खेळ सापडला. मग रोज कोणीतरी काहीतरी विचारायचं आणि बाकीचे वाट बघायचे. फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले तर मागून आवाज यायचा, "मान झाली, मान झाली! आता कान!" एका शनिवारी घरी येऊन मी ट्रंक भरायला घेतली.

मावशी दारात उभी राहून बघत होती. काय झालं ते तिने विचारलं नाही. "उद्या माज्यासंगती बाजारात चल," एवढंच म्हणाली. "ट्रंक भरलेली ऱ्हाऊ दे. सोमवारी जायचं तर जा."

त्या रविवारी बाजारात एक पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ आला. मावशीच्या पाटीतली घोळ मासळी उचलून त्याने आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही शिळी आहे. लोकांना फसवता तुम्ही. परवाची मासळी आज विकता!" गर्दी जमली. मावशीने त्याच्या कानाकडे बघितलं. मासा हातात घेतला, कल्ला उघडून त्याच्यापुढे धरला. आतून लालभडक. तो माणूस "असं वरून काय कळतं" वगैरे पुटपुटत निघून गेला. लोक पांगले. मावशी खाली बसली. मग माझा हात ओढून तिने स्वतःच्या कानावर ठेवला.

कान तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा तापला होता.

मी हात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"बघितलंस? तुजं दिसतं, माजं दिसत नाय. एवडाच फरक हाय."

"रोज होतं?"

"रोज. आज सत्तावीस वरसं झाली."

मग तिने तीच घोळ पुन्हा उचलली. "आनी ह्यो कल्ला बघ. लाल हाय म्हनून मासा ताजा. पांढरा पडला की कोन हात लावत नाय. तू कशाला रडतेस?"

त्या दुपारी घरामागे बोंबील सुकत घालताना तिने मला सगळं सांगितलं. बांबूच्या उंच वलांडीवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे असतात. ती टांगत होती आणि मी खालून हातात देत होते. लग्न होऊन ती दातिवऱ्याहून दांडीला आली तेव्हा सासरी वर्षभर कोणाशी बोलली नव्हती. सासूने पाटी डोक्यावर दिली आणि बाजारात बसवली. ओरडायला तोंड उघडलं की आवाजच निघेना. गिऱ्हाईक भाव विचारी आणि ही मान खाली घालून बसे. संध्याकाळी अख्खी पाटी तशीच घरी यायची. सासू म्हणायची, मुकी पदरात पडली.

"मग?"

"मग एक दिस गाडीत चढताना घाबरून भलतंच बोलले. ही गाडी बोईसरला जाते काय, असं विचारायचं होतं. तोंडातून निगालं, ही गाडी मुंबयला जाते काय. गाडी हसायला लागली. मला वाटलं आता मी मरते. पन मेले नाय गो. बाजारात बसले, तर त्या दिवशी तोंड उघडलं. म्हटलं, जी काय लाज व्हायची ती सकाळीच होऊन गेली. आता कोन काय करनार?"

सकाळचा पहिला सौदा झाला की कोळणी ती नोट डोळ्यांना लावतात, त्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानी झाली की दिवस उघडतो.

"तशी लाजेची बी भवानी करून टाकायची," मावशी म्हणाली. "सकाळी सकाळी. आपल्या हातानं. मग दिवसभर बसायला मोकळी."

मी सोमवारी माहीमला परत गेले नाही. पण एकदम धीट झाले असंही नाही. तिच्यासारखं कंडक्टरला दिल्ली विचारणं मला कधीच जमलं नाही. मी आपली शाळेच्या वाटेवर भेटेल त्या बाईला "किती वाजले?" विचारायची. माझ्या मनगटावर घड्याळ असताना. त्यावर ती बाई माझ्या घड्याळाकडे बघायची आणि माझे कान तापायचे. माझ्यापुरती तेवढी भवानी पुष्कळ होती.

खरा प्रसंग पुढे पावसाळ्यात आला.

एका संध्याकाळी मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शाळेच्या रस्त्यावर आलं. मुलांना एकटं सोडता येईना, म्हणून आमचे विज्ञानाचे सर आणि मी दांडीच्या सात मुलांना घेऊन पाण्यातून चालत आलो. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी नववीच्या फळ्यावर त्यांचं आणि माझं नाव शेजारीशेजारी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि अर्थातच लाल झाले. मुलांना पुरावा मिळाला. आठ दिवसांत गोष्ट घरोघर गेली.

मुख्याध्यापक भले होते, पण भित्रे. त्यांनी मला बोलावलं. "बाई, मी काही म्हणत नाही. पण लोक बोलतात. खरं काय ते सांगून टाका."

मी तोंड उघडायच्या आधीच चेहऱ्याने सांगून टाकलं. ते माझ्याकडे बघून खाली बघू लागले. "राहू द्या. तुमचा चेहराच बोलतोय."

शाळा समितीतल्या एका गृहस्थांनी ठरवलं की शनिवारच्या पालकसभेत हा विषय काढायचा. विज्ञानाचे सर त्या आठवड्यात रजेवर गेले. बहीण आजारी होती म्हणे. मी रजा घेऊन कुठे जाणार? माहीमला हे कळलं असतं तर वडील पहिल्या गाडीने आले असते आणि माझी नोकरी तिथेच संपली असती. शिवाय मी काही केलेलंच नव्हतं. केलं असतं तर कदाचित एवढं रडू आलं नसतं.

मी मावशीला म्हटलं, "माझ्यासाठी तू बोल ना सभेत. तुला काय, तू कोणालाही बोलतेस."

"मी बोलले तर लोक म्हनतील, घरात ऱ्हाते तिची बाजू घेते. आनी तुजं तोंड मग कदी उघडनार?"

"पण मी लाल होणार. मग कोण विश्वास ठेवणार?"

मावशी जाळं शिवत होती. सुई थांबवून म्हणाली, "लाल होताना बोलू नको. आदी पुरती होऊन घे. सगली चढू दे. भरती चढत असते तवा होडी काढली तर आपटते. पुरी चढली की पानी घटकाभर थांबतं. तवा काढायची."

शनिवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत साठेक माणसं जमली. फी, पुस्तकं, गळकं छप्पर असे विषय झाले. मग समितीचे ते गृहस्थ उभे राहिले. "शाळेत काय चाललंय ते आम्हाला पोरांच्या तोंडून कळतं. बाई इथेच आहेत. त्यांनी स्वतः सांगावं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मान तापली. कान तापले. "बघा, बघा," कोणीतरी पुटपुटलं. मी बाकाची कड घट्ट धरली. अजून चढत होतं.

इतक्यात मागच्या दाराशी कोणीतरी उभं राहिलं. मावशी होती, डोक्यावर रिकामी पाटी. तिचं एकही मूल त्या शाळेत नव्हतं.

"सायेब," ती मोठ्याने म्हणाली, "राकेल कदी मिलनार?"

खोलीत हशा उसळला. मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, ही पालकांची सभा आहे. रॉकेलचं दुकान तिकडे."

"आँ? सगली मानसं बसलेली बघितली, मला वाटलं राकेलच आलं."

"बसा, बसा खाली!"

लोक हसत होते. कोणी तिला चिडवत होतं, कोणी वेडी म्हणत होतं. ती तिथेच भिंतीशी बसली. तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. आणि मला जाणवलं की आता यापेक्षा जास्त चढणार नाही. जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं.

मी उभी राहिले.

"मी आत्ता लाल झालेय," मी म्हटलं. "तुम्हाला दिसतंय. मला लहानपणापासून होतं. कंडक्टरने तिकीट मागितलं की होतं. मुख्याध्यापकांनी गुड मॉर्निंग म्हटलं की होतं. विज्ञानाच्या सरांचं नाव घेतलं तर होईलच, पण तुमच्यापैकी कोणाचंही नाव घेऊन बघा, तरी होईल."

दोन-तीन बायका हसल्या. ते हसू वेगळं होतं, ते मला बसवायला आलेलं नव्हतं.

"त्या दिवशी रस्त्यावर मांडीपर्यंत पाणी होतं. आमच्याबरोबर सात मुलं होती. त्यातल्या काहींचे आईबाप इथे बसलेत. मला विचारू नका, माझ्या चेहऱ्याला तर मुळीच विचारू नका. तुमच्या मुलांना विचारा."

मी बसले. थोड्या वेळाने मधल्या रांगेतून एक खलाशी उठला. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. "माजी पोरगी होती त्यात," तो म्हणाला. "लहान हाय, पाचवीला. बाईनं तिला खांद्यावर घेतली होती. सर पुढं काठीनं खड्डा बघत होते. पोरगीनं मला त्याच रात्री सांगितलं. मला वाटलं, सगल्यांना ठाऊक हाय." तो समितीच्या गृहस्थांकडे वळला. "आनी तुमी काय विचारताय?"

गृहस्थांनी घसा साफ केला आणि गळक्या छपराचा विषय पुन्हा काढला.

घरी येताना मी मावशीचे आभार मानायला गेले. ती म्हणाली, "मी काय केलं? मला खरंच राकेल पायजे होतं."

सोमवारी नववीच्या वर्गात मी स्वतःच सांगितलं, "मी लाल झाले की घड्याळ लावा आणि किती वेळ राहतं ते सांगा." वर्गात एकाच मुलाकडे घड्याळ होतं. त्याने इमानाने चार दिवस काम केलं. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "बाई, पुरे झालं, धडा घ्या." लाल होणं त्यानंतर थांबलं असं नाही. आजही मी लाल होते. पण त्याची वाट बघणारं कोणी उरलं नाही, त्यात मीही आले.

मावशीच्या घरी मी चार वर्षं राहिले. मग माझं लग्न ठरलं, पालघरच्या एका टपाल कारकुनाशी. विज्ञानाचे सर त्याआधीच बदली घेऊन गेले होते. लग्न माहीमला आमच्या वाडीतच होतं. मावशीला न्यायला मी कोणाला तरी पाठवते म्हटलं, तर तिने मलाच झिडकारलं. "मला रस्ता ठाऊक नाय काय? माजी मी येईन."

लग्न लागलं, ती आली नाही. मंडपात पंगती बसल्या, तरी नाही. तेवढ्यात आई येऊन म्हणाली, "अगं, वाडीच्या कुंपणाशी एक कोळीण कधीची उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. तुझी मावशी तर नाही ना?"

मी शालूचा घोळ सावरत तशीच बाहेर गेले. मावशी केळींच्या पलीकडे उभी होती. कोरं हिरवं लुगडं नेसलेली, कानात सोन्याची कुडी, चपला हातात. मला बघून ती आणखी मागे सरकली.

"मावशी, आत चल ना."

"नाय गो, बाय." तिचा आवाज मला ओळखू येईना. "आज नाय जमत. सकाळपासून चार येला दारापतूर आले. आत सगली तुमची मोटी मोटी मानसं. पाय उचलतच नाय."

तिला सांगण्यासारख्या कितीतरी गोष्टी माझ्या तोंडाशी आल्या. सगळ्या तिच्याच होत्या. तिने त्या मला दिल्या होत्या आणि आता एक जरी बोलले असते तर ते तिला शिकवणं झालं असतं. मी आईला हाक मारून दोन पानं बाहेरच आणायला सांगितली आणि केळींना पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेला खाली बसले. शालूला माती लागली.

मावशी बराच वेळ उभी राहिली. मग चपला बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसली. आम्ही वरण-भात कालवला. वऱ्हाडी मंडळी मंडपाच्या कडेला येऊन बघू लागली. नवरी बाहेर कोणाबरोबर जेवते, अशी कुजबुज सुरू झाली. मावशी मान खाली घालून एक एक घास सावकाश खात होती.

थोड्या वेळाने नवरा मुलगा मुंडावळ्या लोंबवत तिथे आला. त्याच्या हातात त्याचं पान होतं. कुठे बसावं ते न कळून तो अवघडून उभाच राहिला. मावशीने वर बघितलं, पदर सावरला आणि सरकून त्याला जागा करून दिली.